तीन मेणबत्त्यांनी मोडलेला तास

परातीत पाणी घ्यायचं, मधोमध मेणबत्ती उभी करायची, पेटवायची आणि वरून काचेचा ग्लास उपडा घालायचा. हा प्रयोग मी अकरा वर्षं केला. दर वर्षी मेणबत्ती विझायची, पाणी ग्लासात चढायचं, पोरं "ओऽऽ" करायची आणि मी फळ्यावर लिहायचे की हवेत साधारण २१ टक्के, म्हणजे एक पंचमांश ऑक्सिजन असतो, तो जळण्यात वापरला गेला आणि त्याची जागा पाण्यानं घेतली. पोरं उतरवून घ्यायची, घंटा व्हायची, मी परात उचलून स्टाफरूममध्ये. सगळं कसं चोख.

मग एका वर्षी सहावीतली एक मुलगी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, म्हणाली, "बाई, तीन मेणबत्त्या लावल्या तर?"

मी म्हणलं काही फरक नाही पडणार, ग्लास तोच, हवा तेवढीच, ऑक्सिजन तेवढाच, फक्त लवकर संपेल. ती म्हणाली लावून बघू का. मी म्हणलं बघ की. आता माझ्या आवाजात काय कॉन्फिडन्स होता ते आठवलं तरी लाज वाटते. तिनं तीन मेणबत्त्या चिकटवल्या, तोच ग्लास उपडा घातला, विझल्या, आणि पाणी आधीपेक्षा चांगलंच वर गेलं. सरळ डोळ्यांना दिसत होतं, मोजायची पण गरज नव्हती. सगळा वर्ग गप्प आणि मग मागून एक आवाज, "बाई, मग आता ऑक्सिजन जास्त झाला का वो?"

माझ्या पोटात गोळा. मी म्हणलं उद्या सांगते.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी ओट्यावर परात मांडली, लोणच्याची काचेची बरणी रिकामी करून घासून घेतली आणि बसले. आमचे हे येऊन म्हणाले, लाईट तर आहे की, मेणबत्त्या कशाला? मी म्हणलं तुम्ही झोपा. सात-आठ वेळा केलं असेल आणि मग पहिल्यांदा मी तो प्रयोग खरंच बघितला, म्हणजे अकरा वर्षं मी करत होते पण बघत नव्हते, माझं लक्ष असायचं पोरांकडं आणि घड्याळाकडं. दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे बरणी खाली आणताना काठाखालून बुडबुडे बाहेर पडतात. दुसरी म्हणजे मेणबत्ती जळत असते तेव्हा पाणी फारसं हलतच नाही, ज्योत विझली की मग सटकन वर चढतं. ऑक्सिजन संपल्यामुळं पाणी चढत असतं तर जळता जळता हळूहळू चढायला नको का? चढतं विझल्यावर, कारण ज्योतीनं तापलेली हवा पसरून काही बाहेर गेलेली असते, उरलेली हवा विझल्यावर गार होते, आक्रसते आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. तीन मेणबत्त्या म्हणजे जास्त उष्णता, जास्त हवा बाहेर, म्हणून पाणी जास्त वर. शिवाय जळताना कार्बन डायऑक्साइड तयार होतोच, म्हणजे ऑक्सिजन गेला तरी जागा काय मोकळी पडलेली नसते, आणि बराच ऑक्सिजन शिल्लक असतानाच मेणबत्ती विझते. तो एक पंचमांशाचा हिशेब कधीकधी जुळतो तो निव्वळ योगायोगानं.

दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन सांगितलं की मी इतकी वर्षं चुकीचं शिकवत आले. पोरांना काय आनंद झाला म्हणून सांगू! मधल्या सुट्टीपर्यंत "बाई चुकल्या" ही बातमी चौथीपर्यंत पोचली होती, शिपाईमामांनी पण मला विचारलं काय झालं म्हणून. पण त्या आठवड्यात त्या वर्गानं जे प्रश्न विचारले तेवढे आधीच्या अकरा वर्षांत मिळून विचारले गेले नसतील.

साताऱ्याजवळच्या एका गावात शिकवते मी, सहावी ते आठवी, विज्ञान आणि अधूनमधून जे रिकामं असेल ते. एका वर्गात ४५ च्या आसपास पोरं. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. त्या कपाटाची पण एक गंमतच आहे, मी नोकरीला लागले तेव्हा मला सांगण्यात आलं की साहित्य फुटलं तर भरून द्यावं लागेल, त्यामुळं माझ्या आधीच्यांनी काय केलं तर ते उघडलंच नाही. परीक्षानळ्या, चंचुपात्रं, एक सूक्ष्मदर्शक, सगळं कागदात गुंडाळलेलं, नवंकोरं, वर इंचभर धूळ. तपासणीच्या दिवशी उघडायचं, टेबलावर मांडायचं, परत आत. साहित्य सुखरूप आणि विज्ञान पण सुखरूप, कुणाचा हातच लागला नाही.

मी सुरुवातीला प्रयोग "करून दाखवायचे". करून दाखवणे म्हणजे काय, तर पहिल्या दोन बाकांना प्रयोग दिसतो आणि मागच्या सगळ्यांना बाईंची पाठ. आणि पोरं हुशार असतात हो, उत्तर आधीच पुस्तकात छापलेलं असतं, "निरीक्षण" आणि "अनुमान" दोन्ही तयार, मग बघायचं कशाला? प्रयोगवहीत आकृती आदल्या दिवशीच काढून आणलेली असायची. एकदा लिटमसचा कागद खराब झाल्यामुळं रंगच बदलला नाही तरी चाळीस वह्यांमध्ये "निळा लिटमस तांबडा झाला" असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. मी सगळ्यांना बरोबरची खूण दिली. खोटं कशाला बोलू.

त्या आधी एकदा पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्कशॉपला जाऊन आले होते. तिथं काम केलेल्या अरविंद गुप्तांचं नाव विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला सांगायची गरज नाही, आयआयटी कानपूरचा इंजिनियर, पुण्यात टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) नोकरी, १९७८ मध्ये रजा काढून मध्य प्रदेशातल्या होशंगाबादला गेला आणि तिथं सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या घेऊन पोरांसाठी त्रिकोण, चौकोन, घरं करायला लागला. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्या कार्यक्रमासाठी ते गेले होते तो होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम, १९७२ मध्ये तिथल्या १६ माध्यमिक शाळांमध्ये सुरू झाला, म्हणजे आपल्या सहावी ते आठवीच्याच वर्गांसाठी. तिथं परीक्षेला पुस्तक उघडून बसायला परवानगी होती आणि प्रॅक्टिकलचे पण मार्क होते. पुस्तक उघडं ठेवून परीक्षा! मी हे स्टाफरूममध्ये सांगितलं तर एक सर म्हणाले, आमच्या पोरांना पुस्तक दिलं तर धडाच सापडायचा नाही. हसलो सगळे. पण विचार केला तर हा जोक पोरांवर नाहीये, आमच्यावर आहे. (तो कार्यक्रम ३० वर्षं चालला आणि २००२ मध्ये सरकारनं बंद केला, हे पण खरंय.)

तर तिथून येताना मी व्हॉल्व्ह ट्यूबचं अख्खं बंडल आणलं होतं, उत्साहानं दोन महिने काड्यांचे आकार केले, मग पहिली संकलित चाचणी आली, मग ट्रेनिंग, मग निवडणुकीचं काम, आणि ये रे माझ्या मागल्या. बंडल कपाटात गेलं. म्हणजे वर्कशॉपनं मी बदलले असं काही मी सांगणार नाही, वर्कशॉपनं उत्साह येतो आणि उत्साह दिवाळीपर्यंत टिकतो. मी बदलले ते तीन मेणबत्त्यांमुळं.

त्यानंतर मी एकच गोष्ट पक्की केली. प्रयोगाच्या आधी अंदाज लिहायचा, पेनानं, खाडाखोड नाही. काय होईल आणि का. पुस्तक बंद. मग प्रयोग. मग जे झालं ते लिहायचं, अंदाज चुकला तर चुकला, त्याचे मार्क कापायचे नाहीत. ऐकायला एवढंसं आहे पण पहिले तीन महिने पोरांनी मला छळलं. कारण त्यांना चुकीचं लिहायची भयंकर भीती, "बाई उत्तर सांगा मग अंदाज लिहितो" असं एकानं मला अगदी मनापासून सांगितलं होतं.

आता हळदीची गोष्ट. आमच्याकडं पोषण आहारात खिचडी असते आणि पांढऱ्या शर्टावर खिचडी सांडणं हा आमच्या पोरांचा जन्मसिद्ध हक्क आहे. एक मुलगा नळावर साबण लावून डाग घासत होता आणि डाग लालभडक झाला, तो घाबरून माझ्याकडं आला, बाई रक्त आलंय का काय. मी त्याला तसाच वर्गात घेऊन गेले. आम्ल-आम्लारीचा (म्हणजे ॲसिड आणि बेसचा) धडा दोन महिन्यांनी होता, पण शर्ट आत्ता लाल झालाय ना, मग धडा आत्ता. कागदाच्या पट्ट्यांना हळदीची पेस्ट फासून वाळवल्या आणि पोरांना सांगितलं उद्या घरून येताना झाकणभर काहीतरी आणा, जे काय असेल ते. चुना आला (आजोबांच्या डबीतला), धुण्याचा सोडा आला, साबणाचं पाणी, ताक, चिंचेचा कोळ, लिंबू, खायचा सोडा, एकीनं चुलीतली राख आणली, एकानं गोमूत्र आणलं त्याला बाहेरच उभं केलं. चुना, धुण्याचा सोडा, राखेचं पाणी याच्यावर पट्टी लाल, खायच्या सोड्यावर नक्की सांगता येईना, अर्धा वर्ग म्हणे लाल अर्धा म्हणे नाही, भांडणं झाली, मला तेच हवं होतं.

मग एकीनं बरोबर वर्मावर बोट ठेवलं. लिंबावर पट्टी पिवळी, साध्या पाण्यावर पण पिवळी, मग लिंबू आंबट आहे हे हळदीला कळतं की नाही? नाहीच कळत! हळद फक्त आम्लारी ओळखते, आम्ल आणि उदासीन यातला फरक ती सांगू शकत नाही, हे मी सांगायच्या आत तिनं काढलं होतं. पण मग दुसऱ्यानं चुन्यानं लाल झालेल्या पट्टीवर लिंबू पिळलं आणि ती परत पिवळी झाली, म्हणजे लिंबू काहीतरी करतंय तर खरं. तिथून आम्ही शाळेच्या कुंपणावरच्या जास्वंदीवर गेलो, पाकळ्या गरम पाण्यात टाकून तो अर्क, लिंबानं गुलाबी आणि सोड्यानं हिरवा. तो हिरवा रंग बघून पोरांनी जी आरडाओरड केली ती ऐकून शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले, ओरडायला आले होते, मग बघतच बसले. दुसऱ्या दिवशी एका मुलीनं आजीकडून आणलेली माहिती, पूर्वी कुंकू असंच घरी करायचे, हळदीला चुना नाहीतर टाकणखार लावून. आजीला आम्लारी हा शब्द माहीत नाही पण केमिस्ट्री पाठ आहे.

माझा स्वतःचा सगळ्यात आवडता तास मात्र बाटलीचा.

प्लास्टिकची मोठी बाटली, तिला वर, मधे आणि खाली अशी तीन भोकं, पाणी भरलं की तीन धारा. द्रवाचा दाब खोलीबरोबर वाढतो हे दाखवायचा हा ठरलेला प्रयोग, आणि कित्येक पुस्तकांमध्ये त्याचं ठरलेलं चित्र, खालची धार सगळ्यात लांब, मधली मध्यम, वरची जवळ. मी आठवीला ग्रुप करून बाटल्या दिल्या, तापवलेल्या खिळ्यानं भोकं मी पाडून आणली होती (ते काम पोरांना देत नाही, एकदा एकाचं बोट भाजलंय), २० सेंमीपर्यंत पाणी आणि ५, १०, १५ सेंमीवर भोकं, सांगितलं मैदानात जा, वरून मगानं पाणी ओतत राहा म्हणजे पातळी खाली जाणार नाही, आणि कुठली धार किती लांब पडते ते पट्टीनं मोजा. अंदाज सगळ्यांचा एकच, खालची लांब. क्लासला सांगितलेलं असतं ना.

पाच मिनिटांत दोन ग्रुपची जुंपली. एक ग्रुप म्हणतोय खालचीच लांब जाते, दुसरा म्हणतोय नाही, मधली. शिव्या यायच्या बेतात होत्या म्हणून मी गेले. बघितलं तर दोघांचंही खरं होतं! पहिल्या ग्रुपनं बाटली कट्ट्यावर ठेवली होती आणि दुसऱ्यानं खाली फरशीवर. कट्ट्यावरून खालची धार लांब, जमिनीवर ठेवली की मधली लांब आणि वरची आणि खालची जवळजवळ एकाच जागी. मला हे गणितानं माहीत होतं, पण मी ते सांगणार नव्हते, मी एवढंच म्हणलं की बाटल्या बदलून बघा. बदलल्या, तरी तेच. मग जागा बदलल्या. मग एक पोरगा, गणितात नेहमी काठावर पास होणारा, फरशीवर पालथा झोपला, गाल जमिनीला टेकवून धारांकडं बघत, आणि तिथूनच ओरडला, "बाई, खालचीला पडायला टाईमच गावत न्हाय!"

झालं. यापुढं मी काय सांगायचं? खालच्या भोकातून पाणी सगळ्यात जोरात येतं, दाबाचा नियम बरोबरच आहे, पण जमिनीवर ठेवलेल्या बाटलीत खालचं भोक जमिनीच्या इतकं जवळ की लांब जायच्या आधीच पाणी खाली टेकतं. वरच्या धारेला वेळ भरपूर पण जोर नाही. मधलीला दोन्ही थोडं थोडं. कट्ट्यावर ठेवली की वेळ सगळ्यांनाच मिळतो आणि मग जोर जिंकतो. म्हणजे दाब आणि किती लांब पडलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चित्र काढणाऱ्यानं बाटली कधी भरलीच नव्हती. त्या पोराला मी त्या दिवशी फळ्यावर आकृती काढायला लावली, त्यानं पुस्तकातल्या चित्राशेजारी स्वतःचं काढलं आणि खाली लिहिलं "बाटली कुठं ठेवलीय ते सांगा". पंधरा दिवस मी ते पुसू दिलं नाही.

सगळं असंच छान होतं असं समजू नका. लिंबाच्या बॅटरीनं माझी फजिती झालीय. लिंबात तांब्याची तार आणि जस्ताचा मुलामा असलेला खिळा खोचायचा आणि बल्ब लागतो, असं मी आदल्या दिवशी पोरांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, घरी करून न बघता, हात दाखवून अवलक्षण. टॉर्चचा बल्ब, काही नाही. दोन लिंबं, काही नाही. सहा लिंबं, तरी काही नाही, आणि एप्रिलमधली लिंबं, भाव विचारू नका. एका लिंबातून एक व्होल्टच्या जवळपास मिळतो पण करंट इतका मामुली की टॉर्चच्या बल्बची तार तापतच नाही. मग इलेक्ट्रिकच्या दुकानातून लाल एलईडी आणला, चार लिंबं एकापुढं एक जोडली, खिडक्या लावून घेतल्या, आणि मिणमिणता का होईना लागला. एलईडीचे पाय उलटे लावले तर लागत नाही, हे पण त्यातूनच कळलं. लिंबांचं नंतर सरबत करू का विचारत होते, नाही म्हणून सांगितलं, जस्त उतरलेलं असतं त्यात.

आणि ग्रुपवर्क, ग्रुपवर्क म्हणून जे सगळे सांगतात ना, त्यातली एक अडचण कुणी बोलत नाही. पाच जणांचा ग्रुप केला की एक मुलगा सगळं साहित्य स्वतःकडं ओढतो, दोघं त्याला सूचना देतात, एक जण खिडकीबाहेर बघतो आणि मुलीला सांगतात, "तू लिही, तुझं अक्षर चांगलंय." दर वेळी! मुली पण निमूट लिहितात. हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली, कारण वही सुंदर दिसायची आणि मी खूष व्हायचे. आता कामं वाटून देते आणि दर तासाला फिरवते, हात लावणारा, मोजणारा, लिहिणारा, आणि एक "शंकासुर", ज्याचं काम फक्त "कशावरून?" विचारायचं. खिडकीबाहेर बघणाऱ्याला शंकासुर करायचं, हमखास चालतं. आमच्या खिडकीबाहेरच्या एकानं लंबकाच्या वेळी विचारलं होतं की तुम्ही दोरी कुठून कुठपर्यंत मोजली, दगडाच्या वरपर्यंत की मधोमध? आणि खरंच, एक मीटर दोरीच्या लंबकाला दोन सेकंदाच्या आसपास एक हेलकावा लागतो, पण ज्यांनी दगडाच्या मध्यापर्यंत मोजलं त्यांचंच उत्तर नीट येत होतं. (कुलूप बांधा नाहीतर दगड, जड-हलक्यानं फरक पडत नाही, यावर मात्र अजून निम्मा वर्ग मनातून विश्वास ठेवत नाही.)

पालकांचं म्हणाल तर एका सभेत एक दादा उठून म्हणाले, मॅडम, पोरं नुसती खेळत्यात, स्कॉलरशिपचं काय? त्यांचं चुकीचं नाही, पोरगा घरी जाऊन सांगतो आज आम्ही बाटलीला भोकं पाडली, तर बाप काय समजणार. मी पुढच्या सभेत त्यांच्याच पुढ्यात अडकित्ता, चिमटा आणि पहार ठेवली आणि विचारलं यात टेकू कुठं, भार कुठं, जोर कुठं लावायचा. पहारीचं पटकन सांगितलं, रोजचंच काम. अडकित्त्याला टेकू एका टोकाला आणि सुपारी मधे हे पण बरोबर सांगितलं, चिमट्यापाशी मात्र पोरानं बापाला दुरुस्त केलं, की जोर मधे लागतो आणि भाकरी टोकाला. सभा लांबली. चहा दोनदा आला.

सिलॅबस पूर्ण होतो का? नाही होत नीट, खरं सांगते. काही धडे मी वाचून संपवते. वर्षातून आठ-दहा विषय असे हातानं करायचे आणि बाकीचं पळवायचं असं मी ठरवून टाकलंय, आणि ज्यांना सगळेच धडे असे घेता येतात त्यांना माझा नमस्कार.

काठीच्या सावलीला तर पूर्ण वर्ष लागतं. मैदानात एक मीटरची काठी उभी गाडायची आणि दुपारी सावलीचं टोक खडूनं मारत राहायचं. पहिला धक्का म्हणजे बरोब्बर १२ वाजता सावली सगळ्यात छोटी नसते. आमच्याकडं ती साडेबाराच्या आसपास होते, कारण घड्याळातली वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशाची आणि आपण त्याच्या पश्चिमेला, एका अंशाला चार मिनिटं धरली तर आपला सूर्य अर्ध्या तासाहून थोडा जास्तच उशिरा डोक्यावर येतो. "म्हणजे आपलं घड्याळ चुकीचंय?" असं विचारणाऱ्याला काय सांगायचं, चुकीचं नाही, सगळ्या देशाला मिळून एक ठरवलंय. सप्टेंबरच्या २२-२३ ला ती छोटी सावली आमच्याकडं ३२ सेंमीच्या आसपास येते आणि त्यावरून कोन काढला की आपल्या गावाचा अक्षांश मिळतो, १७-१८ अंश. डिसेंबरच्या २१-२२ ला तीच सावली ८७ सेंमीला जाते. पोरं अक्षांशाचा आकडा नकाशाच्या पुस्तकात शोधून जुळवतात तेव्हाचे चेहरे बघण्यासारखे असतात. शून्य सावलीचं मात्र आमचं नशीबच फुटकं. सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली दिसेनाशी होते तो दिवस साताऱ्याला वर्षातून दोनदा येतो, एक १० मेच्या आसपास, तेव्हा सुट्टी, आणि एक ऑगस्टच्या दुसऱ्या-तिसऱ्या तारखेला, तेव्हा आभाळ. गेली तीन वर्षं आम्ही ऑगस्टमध्ये तांब्या उपडा ठेवून छत्र्या घेऊन उभे राहतो आणि भिजून आत येतो.

ती तीन मेणबत्त्यांवाली मुलगी आता आठवीत आहे. मागच्या महिन्यात तिनं मला विचारलं की मेणबत्तीनं नाही मोजता येत तर मग हवेत ऑक्सिजन एक पंचमांश आहे हे कळणार कसं, पुस्तकात लिहिलंय म्हणून? मी म्हणलं लोखंड गंजायला ऑक्सिजन लागतो आणि गंजताना उष्णता एवढी हळूहळू निघते की हवा तापत नाही, बघ काय सुचतंय का. तिच्या ग्रुपनं परीक्षानळीत भांडी घासायची तारेची घासणी ओली करून कोंबली आणि नळी पाण्यात उलटी उभी केली. चार दिवस काही नाही. स्टीलची घासणी, गंजतीय कशाला! मग तिच्या मामाच्या लेथच्या दुकानातून लोखंडाचा कीस आणला, ओल्या नळीच्या आत सगळीकडून चिकटवला आणि शुक्रवारी शाळा सुटताना पाच ग्रुपनी पाच नळ्या वाट्यांत उलट्या उभ्या केल्या. कपाट उघडंच ठेवलं.

सोमवारी परिपाठाच्या आधी सगळे कपाटापाशी. नळी १५ सेंमीची, कीस तांबूस झालेला आणि पाणी चढलेलं. तिघांचं तीनच्या आसपास, एकाचं पावणेतीन. पाचव्या ग्रुपचं फक्त दीड. त्यांनी अंदाजात तीन लिहिलं होतं पेनानं आणि आता ते पट्टी घेऊन परत परत मोजत होते, मी म्हणलं दीड आहे तर दीड लिहा. मग शंकासुरानं नळी न हलवता खाली वाकून बघितलं आणि म्हणाला यांनी कीस घातलाय कमी आणि तो पण सगळा एका बाजूला, अजून गंजायचाय, दोन दिवस ठेवू. वाटीवर कागद चिकटवून ठेवलाय, "हात लावू नये, अजून चालू आहे".